टेंभूरखेड्यातला आडवा टॉवर

बाळांनो, जरा डोळे मिटा. एक डोळा किलकिला ठेवणाऱ्यांनी तोही मिटावा, मला इथून सगळं दिसतं. आता तुमच्या घरासमोर उभे राहा. घरावर दुसरं घर ठेवा. त्याच्यावर तिसरं. दमू नका, अशी एकशे दहा घरं रचायची आहेत. रचली? मग सगळ्यात वरच्या घराच्या पत्र्यावर उभं राहून हळूच खाली बघा. खाली तुमची आई अंगण झाडते आहे. केवढी दिसते ती?

नाही ना सांगता येत? हरकत नाही. भुजंग गुरुजींनाही सांगता आलं नव्हतं, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

भुजंग गुरुजी टेंभूरखेड्याच्या शाळेत चौथीला शिकवायचे. हे गाव हसनाबादच्या अलीकडे आहे. नकाशात शोधू नका, सापडणार नाही. गुरुजींचं एक व्रत होतं. मुलाने प्रश्न विचारला, की ते मूल "समजलं" म्हणेपर्यंत पुढचा धडा काढायचा नाही. सव्वीस वर्षं हे व्रत त्यांनी पाळलं होतं. त्यामुळे त्यांच्या वर्गाचं पुस्तक एकदाही पूर्ण झालेलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

एक्क्याण्णव सालचा जानेवारी होता. गुरुजींचा भाचा जालन्याच्या एमआयडीसीत, एका बियाण्यांच्या कारखान्यात कामाला होता. तिथे अमेरिकेतून एक यंत्र आलं आणि यंत्राबरोबर कॅलेंडर आलं. यंत्र साहेबांनी ठेवून घेतलं, कॅलेंडर भाच्याने मामाला दिलं. त्यावर अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातल्या बारा उंच इमारतींची चित्रं होती. दर महिन्याला एक इमारत. जानेवारीत सगळ्यात उंच, शिकागो शहरातला सिअर्स टॉवर. तेव्हा साऱ्या जगात त्याच्याएवढी उंच इमारत नव्हती. माळे एकशे दहा, उंची चौदाशे चोपन्न फूट. गुरुजींनी रात्री तीनदा गुणाकार करून त्याचे मीटर काढले, आणि सकाळी कॅलेंडर वर्गात टांगून फळ्यावर झोकात लिहिलं : चारशे त्रेचाळीस मीटर.

वर्ग "अबबब" म्हणाला. वर्गाला अबबब म्हणायची सवय होती. फक्त तिसऱ्या ओळीतली बेबीनंदा काही म्हणाली नाही. ही पुंजारामची मुलगी. पुंजाराम म्हणजे ग्रामपंचायतीचा शिपाई आणि गावाची दवंडी पिटणारा. बाप सांगायला बसलेला आणि लेक विचारायला, अशी ती जोडी होती.

"गुरुजी," ती उठून म्हणाली, "चारशे त्रेचाळीस मीटर म्हंजी किती?"

"आपली पाण्याची टाकी आहे ना? पंधरा मीटर. तशा साडेएकोणतीस टाक्या एकावर एक ठेवायच्या."

बेबीनंदाने विचार केला. "पडतील की."

"पडणार नाहीत असं समजायचं."

"पडनाऱ्या वस्तूला पडत न्हाई कसं समजायचं? आन् ह्या चित्रात तर ती वीतभर हाय." तिने खरोखरच जाऊन चित्रावर वीत ठेवली. वीतभरच होती.

वर्ग हसला. आता बघा, हसणं हे मुलांचं कामच आहे, पण सव्वीस वर्षं शिकवणाऱ्या मास्तराला ते फळ्यावर खडू किरकिरल्यासारखं लागतं. गुरुजी छाती काढून म्हणाले, "तुला ती इमारत मी प्रत्यक्ष दाखवतो. शनिवारी. सकाळच्या शाळेत."

"न्हाई दाखवली तर?"

"तर आठवडाभर माझ्या खुर्चीवर तू बसायचं आणि तुझ्या बस्करावर मी."

बोलून झाल्यावर गुरुजींना कळलं की आपण काय बोललो. पण शब्द तोंडातून गेला होता आणि मधल्या सुट्टीपर्यंत गावातही गेला. संध्याकाळी हॉटेलवाले कमरोद्दीनभाई चहा गाळता गाळता म्हणाले, "गुरुजी, सोमवारपासून बस्करावर बसनार म्हनं? गुडघ्याला मालिश सुरू करा जल्दी."

घरी गिरिजाबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "अमेरिकेचं भाडं किती पडतं?"

"जायचं नाही. इथेच दाखवायची. उभी करता येत नाही ना, मग आडवी करू. जमिनीवर आखायची. लांबी तेवढीच भरते."

"आडवी इमारत म्हंजी पडलेली इमारत," गिरिजाबाई म्हणाल्या आणि भाकरी उलटली.

शेजारचे काकासाहेब ओट्यावरून हे ऐकत होते. काकासाहेब सल्ला द्यायचे आणि विसरून जायचे. त्यामुळे त्यांच्याकडे सल्ल्याचा साठा कधी संपत नसे. ते म्हणाले, "शाळेचं मैदान कितीक हाय? शंभर मीटर बी न्हाई. रानात आखाल तर हरभऱ्यावरून पोरं नाचवाल. रस्त्यावर आखा की! शाळेच्या फाटकापासून माझ्या उकिरड्यापर्यंत सरळ सुतात हाय. फक्की मारा कबड्डीची. मी सोताच येतो टेप धराया, पहाटे पाचला."

टेंभूरखेड्यात सरळ म्हणावं असं काही असेल तर तो रस्ता. गुरुजींना सल्ला पटला.

शुक्रवारी पहाटे काकासाहेबांची कंबर धरली. गुरुजी गिरिजाबाईंच्या हाती कंदील देऊन त्यांना घेऊन निघाले. एका हातात फक्कीची, म्हणजे चुन्याच्या भुकटीची बादली, दुसऱ्या हातात शाळेची तीस मीटरची कापडी टेप. मधून रेघ ओढली तर बैलगाड्या पुसून टाकतील, म्हणून रस्त्याच्या कडेने ओढायची ठरली. कडेने म्हणजे लोकांच्या ओट्यांवरून, पायऱ्यांवरून आणि दुकानांच्या फळ्यांखालून. हिशेब सोपा होता. एक माळा म्हणजे चार मीटर. दर चार मीटरला आडवी खूण आणि शेजारी माळ्याचा आकडा. एकशे दहा माळ्यांचे चारशे चाळीस, वरचे तीन मीटर गच्चीचा कठडा.

सहा टेपा मोजून झाल्यावर गिरिजाबाई म्हणाल्या, "अहो, ही टेप दोनापासूनच का सुरू होती?"

गुरुजींनी कंदील जवळ धरला. टेपचे पहिले दोन मीटर शाळेच्या उंदरांनी कधीच खाल्ले होते. म्हणजे दर टेपेला दोन मीटरची खोट. सहा टेपांत अमेरिका बारा मीटर खुजी झाली होती! बाळांनो, मोजायच्या आधी मोजपट्टी मोजावी, हे मी तुम्हांला उगीच सांगत नसतो. गुरुजींनी पायाने आकडे पुसायचा प्रयत्न केला. फक्की पुसली जात नाही, पसरते. शेवटी त्यांनी शेजारून दुसरी रेघ ओढली आणि आकडे नव्याने टाकले. उजाडायच्या आत एकशे दहावा आकडा काकासाहेबांच्या उकिरड्यावर पडला. हात झटकून गुरुजी शाळेत गेले. आता शनिवारी नुसतं दाखवायचं, असं मनाशी म्हणाले.

दुपारी दोन वाजता वर्गाच्या दारात पंचवीस माणसं उभी होती. पुढे काकासाहेब, कंबर एकदम बरी झालेली.

"गुरुजी, अर्ज लिहा जल्दी! तुमचं अक्षर चांगलं हाय."

"कसला अर्ज?"

"अतिक्रमनवाले येऊन गेलते पहाटं. कुनाला खबर न लागू देता मोजनी केली. घरं पाडनार!"

गुरुजींचंही भाड्याचं घर त्याच रस्त्यावर होतं. त्यांनी लगेच कागद घेतला. माननीय साहेब. विषय : टेंभूरखेडा येथील घरे न पाडणेबाबत. अक्षर मोत्यासारखं उतरत होतं. काकासाहेब सांगत होते आणि गुरुजी शुद्ध करून लिहीत होते, की कोण्या अज्ञात अधिकाऱ्याने ग्रामस्थांना विश्वासात न घेता, चोरासारखे येऊन, सदर कृत्य केले असून त्याचा आम्ही तीव्र निषेध करतो.

"लिव्हा, एकदा न्हाई, दोनदा मोजलं. दोन रेघा हायेत!"

गुरुजींनी लिहिलं, दोन रेघा.

"घरोघर नंबर टाकलेत. माझ्या तर उकिरड्याला बी सोडलं न्हाई. एकशे दहा नंबर!"

पेन थांबलं.

गुरुजींनी वर पाहिलं. खाली पाहिलं. 'चोरासारखे' या शब्दावरची शाई अजून ओली होती. स्वतःविरुद्ध इतक्या सुंदर अक्षरात अर्ज लिहिणारा माणूस जिल्ह्यात तरी दुसरा नसेल.

"काकासाहेब," ते म्हणाले, "ती रेघ मी ओढली. ती सिअर्स टॉवर आहे."

काकासाहेबांनी गुरुजींच्या खांद्यावर हात ठेवला. "गुरुजी, तुम्ही देवमानूस. पन साहेबाला वाचवायसाठी सोताच्या अंगावर घेऊ नका."

"अहो, तुम्हीच नाही का सांगितलं रस्त्यावर आखा म्हणून?"

"मी? मी कशाला सांगू माझा उकिरडा पाडा म्हनून?"

गुरुजी बाहेर आले आणि रस्ता पाहून मटकन फाटकावर टेकले. सगळं गाव कामाला लागलं होतं. साळूबाईंनी बांगड्यांचं दुकान फळ्यांसकट आत ओढलं होतं. लालमियाँ सायकलवाल्यांनी उलट दुकानापुढे नवा सिमेंटचा ओटा घालायला घेतला होता. "ओल्या सिमेंटवर कोन बुलडोझर घालतो?" हा त्यांचा कायदा. आणि सदतिसाव्या माळ्यावर कोणीतरी गोल धोंडा मांडून त्याला शेंदूर फासला होता. नारळही फुटला होता. शेंदराच्या धोंड्याला कोणताच साहेब हात लावत नाही, हे आपल्याकडे साहेबांनाही माहीत असतं.

कमरोद्दीनभाईंनी मात्र काही हलवलं नव्हतं. त्यांच्या चुलीसमोर एकशे तीन आकडा होता. ते म्हणाले, "गुरुजी, तुमी म्हनता तर बिलकुल खरं. पन लोकांला कागद पायजे. कागद दाखवा, गप बसतील."

म्हणून गुरुजी ग्रामपंचायतीत गेले. ग्रामसेवकांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "इमारतीला परवानगी घेतली का?"

"ती खरी इमारत नाही."

"मग तर जास्तच अवघड. खरीला नियम आहे. उंची किती?"

"चारशे त्रेचाळीस मीटर."

ग्रामसेवकांचा चष्मा खाली घसरला.

"म्हणजे लांबी," गुरुजी घाईने म्हणाले. "उंची फक्कीच्या जाडीएवढी. फार तर एक सूत."

ग्रामसेवकांनी कपाट उघडलं. रस्त्यावर एक दिवस काही उभारायचं, तर कपाटात एकच नमुना होता : लग्नाच्या मांडवाचा. गुरुजींनी तो भरला. वराचे नाव : सिअर्स टॉवर. वराचे गाव : शिकागो. वधूचे नाव : लागू नाही. पाहुण्यांची अंदाजे संख्या : चौथीचा वर्ग. ग्रामसेवकांनी सगळं वाचलं, वधूच्या रकान्यावर क्षणभर अडखळले आणि शिक्का मारला. "जेवणाच्या पत्रावळी रस्त्यावर टाकायच्या नाहीत," एवढी ताकीद दिली.

कागद झाला. आता तो गावाला कळवायचा कसा? पुंजारामची दवंडी होतीच. गुरुजींनी त्याला नीट समजावलं, की ही अमेरिकेतल्या इमारतीची लांबी आहे, उद्या सकाळी मुलांना दाखवणार आहोत, घरं पाडणार नाहीत. पुंजारामने तीनदा मान हलवली. पण दवंडीवाला म्हणजे दवंडीवाला. लांब वाक्य हलगीवर बसत नाही, म्हणून तो ते छाटत गेला, आणि तिसऱ्या चौकात पोचेपर्यंत एवढंच उरलं :

"ऐका हो ऐका! उद्या सकाळी गावात अमेरिकेची इमारत येनार हाय होऽ! घरं पाडनार न्हाईत होऽ!"

ते गुरुजींनी खिडकीतून ऐकलं. गिरिजाबाई म्हणाल्या, "आता बस्करावर भागायचं न्हाई. गावच सोडावं लागंल."

शनिवारी सकाळी फाटकासमोर जत्रा होती. शेजारच्या दोन वाड्यांतून बैलगाड्या आल्या होत्या. काही जण वर बघत होते, इमारत कुठून उतरते म्हणून. एका म्हातारबांनी नात खांद्यावर घेतली होती. गुरुजींनी घसा साफ केला. समोर बेबीनंदा उभी होती आणि गुरुजींच्या मागे फाटकाशी आणून ठेवलेल्या त्यांच्या खुर्चीकडे बघत होती, सोमवारी माप बसेल का अशा नजरेने.

मग गुरुजींनी तेच केलं जे त्यांना येत होतं. ते शिकवायला लागले.

"आधी प्रत्येकाने स्वतःची पावलं मोजा. एका माळ्याला किती लागतात?"

मुलं मोजायला लागली. कुणाला सहा, कुणाला आठ. बेबीनंदाने दोनदा मोजून सांगितलं, "माझी सात."

"सात पावलं म्हणजे एक माळा. आता चढा."

आणि वर्ग चढायला लागला. पहिला माळा, दुसरा माळा. पाचव्यावर साळूबाई विचारत्या झाल्या, "गुरुजी, मी कितव्या माळ्यावर ऱ्हाते म्हनायचं?"

"पाचव्या."

"आगं बया! आन् लालमियाँ?"

"अठराव्या."

"सायकल घेऊन अठरा माळे चढायचे?" साळूबाईंना एकदम लालमियाँची दया आली. मग हे पेटलंच. जो तो आपल्या दारातला आकडा बघायला धावला. काल ज्या आकड्यावर लोक थुंकत होते, तो आता मानाचा झाला. चोपन्नाव्या माळ्याची बाई पंचावन्नाव्या माळ्याच्या बाईला म्हणाली, "तुमची धुनी टांगत जाऊ नका, माझ्याकडं पानी गळतं." सदतिसाव्यावर मुलांनी शेंदराच्या धोंड्याला नमस्कार केला. चहाच्या हॉटेलापाशी गुरुजींचा निरोप मुलांनी ओरडून सांगितला : खऱ्या टॉवरात एकशे तिसऱ्या माळ्यावरच लोक शहर बघायला थांबतात! कमरोद्दीनभाई ताठ उभे राहिले. "मी पैल्यापासून बोलत होतो, जागा मोक्याची हाय," ते म्हणाले आणि फडक्याने बाकडं झटकलं.

गुरुजी स्वतः चढले नाहीत. ते फाटकात, तळमजल्यावर थांबले. तसंच ठरवलं होतं त्यांनी. मुलांना सांगितलं होतं, "गच्चीवर पोचलात की मागे वळा, हात लांब करा, आणि मी केवढा दिसतो ते सांगा."

मुलांची रांग लहान लहान होत गेली. शेवटी रस्त्याच्या टोकाला नुसते ठिपके उरले. गुरुजींनी हात वर केला. ठिपके थांबले होते. एक ठिपका बाकीच्यांपेक्षा पुढे, उकिरड्याच्या कडेला. काहीच कळेना. ती हसते आहे? मान हलवते आहे? गुरुजींच्या मनात आलं, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा एक प्रश्न तसाच राहणार. खुर्चीचं दुःख नव्हतं. बस्करावर बसता येतं माणसाला. पण "पटलं नाही" असं म्हणून गेलेल्या मुलीला पुढचा धडा शिकवायचा कसा?

तेवढ्यात दुरून आवाज उठला. नीट ऐकू येईना. पण एकशे दहाव्या माळ्यावरून काकासाहेबांनी तो उचलला आणि खाली ओरडले, "गुरुजी तिळाएवढं दिसून राह्यले म्हनती!" एकशे तिसऱ्यावर कमरोद्दीनभाईंनी झेलला, "तिळाएवढे गुरुजी! मान गयी लडकी!" पंचावन्नने चोपन्नला दिला. शेंदराच्या धोंड्यापाशी बसलेल्या म्हातारबांनी काठी आपटून पुढे ढकलला. लालमियाँनी ओल्या ओट्यावर उभं राहून, पावलं उमटतील याची पर्वा न करता, बोंब ठोकली. आणि पाचव्या माळ्यावरून साळूबाई धापा टाकत धावत आल्या.

"गुरुजी! पुंज्याची पोरगी म्हनून राह्यली, अंगठ्याच्या नखाखाली गेले गुरुजी! आन् म्हनती... म्हनती, पटलं!"

जे वर बघत होते, तेही आता रस्त्याकडे बघत होते. कुणीतरी टाळी वाजवली. पुंजारामने हलगीवर टिपरी टाकली, आणि मग एकशे दहा माळे एकदम गरजले. शिकागोला ऐकू गेलं नसेल; पण हसनाबादपर्यंत गेलं, असं काकासाहेब पुढे कित्येक वर्षं सांगायचे. इमारत रस्त्यावर आखायचा सल्ला आपलाच होता, हेही त्यांना त्याच क्षणी आठवलं.

गुरुजी निघाले. माळ्यामाळ्यावर लोक हात जोडत होते, कुणी गुळाचा खडा देत होतं. एकशे तिसऱ्यावर कमरोद्दीनभाईंनी चहा पुढे केला, "घ्या, अमेरिकेत भेटत न्हाई असा." गिरिजाबाई मागून चालत होत्या आणि तोंडाला पदर लावून हसत होत्या. गुरुजी चौदाशे चोपन्न फूट चढले आणि जरासुद्धा दमले नाहीत.

गच्चीवर पोचले, तर बेबीनंदा तिथे नव्हती.

ती उकिरड्याच्या पलीकडे होती, जिथे रस्ता संपून पडीक रान सुरू होतं. उकिरड्यामागे राहिलेल्या गुरुजींच्या बादलीतली मूठभर फक्की तिने पंज्यात घेतली होती. उकिरड्याच्या पुढे मोजून सात पावलं चालून तिने एक आडवी रेघ ओढली होती आणि शेजारी, जीभ दातांत धरून, आकडा काढला होता : एकशे अकरा.

"हे काय गं?" गुरुजींनी विचारलं. "टॉवर तर संपला."

"त्यांचा संपला," बेबीनंदा म्हणाली. "ह्यो आपला."

आणि मूठ सांभाळत, पुढे बघत, तिने पुन्हा मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन...